मागचं हिरवं दार

आमच्या गल्लीत एकेकाळी अशी कुजबुज होती की रंगाऱ्याने म्हातारपणी बाई ठेवली आहे. बायकोला लेकीकडे धाडलं, घर नव्याने रंगवलं, भाड्याचा सोफा आणला आणि आता रोज दिवेलागणीला एका बाईला हाताला धरून मागच्या दाराने घरात घेतो. पुढच्या नाही हं, मागच्या! 'मागच्या' म्हणताना प्रत्येक सांगणारा जरा थांबायचा, भुवया उडवायचा आणि मगच पुढे जायचा.

ही कुजबुज कुठून निघाली ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण ती माझ्याच दुकानातून निघाली. माझं केस कापायचं दुकान. दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि मागच्या भिंतीला हातभर खिडकी. ती खिडकी मागच्या बोळात उघडते आणि बोळापलीकडे नेमकं समोर रंगाऱ्याचं मागचं दार. वस्तऱ्याला धार लावायची तर उजेड हवा, म्हणून मी खिडकीशी उभा राहतो, असं मी सांगतो. चाळीस वर्षांत त्यावर कुणी विश्वास ठेवलेला नाही. रंगाऱ्याची बायको तर मला 'खिडकी'च म्हणायची. दुकानावरून जाताना मुद्दाम मोठ्याने विचारायची, "काय खिडकी, आज काय दिसलं?" आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी हसायचं.

तेव्हा आधी ही दोघं कोण ते सांगतो.

रंगारी म्हणजे उंच, वाकलेला, कायम मान वर करून बोलणारा माणूस. छतं रंगवून रंगवून मान तशीच राहिली होती. कामात एक नंबर. भिंतीवर तळहात फिरवून सांगायचा, इथे आत ओल आहे, इथे आधी खिळा होता, इथे कुणीतरी डोकं टेकून बसतं. पण त्याची एक खोड होती. उरलेला रंग तो टाकत नसे. मालक म्हणायचे, घेऊन जा बाबा ते डबे. हा घेऊन यायचा आणि आपल्या घराला लावायचा. त्यामुळे त्याच्या घरात एक दार दुसऱ्या दारासारखं नव्हतं. न्हाणीघराचं दार निळं, ते दवाखान्याच्या कामातून उरलेलं. स्वयंपाकघराचं पिवळं, खेळण्यांच्या दुकानातलं. झोपायच्या खोलीचं गडद लाल, कारण एका नाट्यगृहाच्या खुर्च्यांची लाकडं त्याने रंगवली होती. पुढचं दार जांभळं होतं. ते कुठल्या कामातून आलं ते विचारलं की तो विषय बदलायचा. आणि मागचं हिरवं, बागेच्या कुंपणाचं.

लोक नावं ठेवायचे. मीही ठेवली. "रंगाऱ्याच्या घरात जाऊन आलं की डोळ्यांना चष्मा लागतो," हा विनोद माझाच.

पण त्या घरात खोल्यांना खोल्या म्हणायची पद्धतच नव्हती. लेक लहान असल्यापासून सगळे रंगच बोलायचे. "माझी कात्री कुठंय?" "लालमध्ये बघ." "निळ्यात कोण आहे? लवकर आटप!" "अहो, पिवळ्यात दूध उतू गेलं!" एकदा लेकीने शाळेत बाईंना विचारलं, मी निळ्यात जाऊ का? बाईंना कळेना. मग घरी चिठ्ठी आली. रंगाऱ्याची बायको ती चिठ्ठी दुकानात घेऊन आली आणि सगळ्यांना वाचून दाखवून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसरी बाई. नवऱ्याला चारचौघांत 'उरलेला रंग' म्हणायची आणि तो तिला 'बाईसाहेब' म्हणायचा.

बाईसाहेबांना विसर पडायला लागला तो आधी कुणाच्या लक्षातही आला नाही. दोनदा मीठ, मग चहात मीठ, मग शेजाऱ्यांची नावं. मग फोनवर बोलणारी लेक कोण ते कळेना. पण घरात मात्र ती बिनचूक फिरायची. रंगारी खुर्चीतून नुसता म्हणायचा, "बाईसाहेब, निळं," की ती उठून बरोबर निळ्यात जायची. "लाल झालं," म्हटलं की निजायला जायची. नावं गळून गेली, रंग टिकून होते. दोन वर्षं त्याने तिला असं सांभाळलं. ती बाहेर दिसेनाशी झाली तेव्हा गल्लीला वाटलं, गुडघे धरले असतील.

मग एकदा रंगारी स्टुलावरून पडला. मोडलं काही नाही, पण तासभर उठता आलं नाही आणि तेवढा वेळ बाईसाहेब त्याच्या शेजारी जमिनीवर बसून त्याच्या तोंडावर रुमालाने वारा घालत राहिल्या. कुणाला हाक मारायची असते हे त्यांना सुचलं नाही. लेक धावत आली. "बाबा, आता पुरे. हे घर विका. माझ्याच इमारतीत माझ्या खालची जागा मिळतेय, तिथे या. मी एका हाकेवर असेन." रंगारी दोन दिवस घरभर भिंतींवर तळहात फिरवत हिंडला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बोलाव दलालाला."

दलाल म्हणजे गुळगुळीत दाढीचा, माझंच गिऱ्हाईक. घरात पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाला, "काका, हे घर आहे की रंगाच्या दुकानातलं नमुन्यांचं कार्ड?"

"चाळीस वर्षांचं आहे," रंगारी म्हणाला.

"तेच म्हणतोय. घेणारा आला की त्याला त्याचं घर दिसलं पाहिजे, तुमचं नाही. सगळीकडे एकच रंग. फोटो उतरवा. ही खुर्ची, तो पलंग, ती शिलाई मशीन, सगळं मागच्या कोठीत ढकला. सोफा आणि दिवे मी भाड्याने आणतो."

तुम्हाला वाटेल, रंगारी भांडला असेल. छे! उलट त्याचे डोळे चमकले. विकाऊ घरं सजवण्यात त्याची हयात गेली होती. कुठल्या पांढऱ्यात किती थेंब पिवळा टाकला की खोली हातभर मोठी दिसते, दुपारी बघायला येणार असतील तर पडदा कुठला, हे दलालाला काय कळणार? म्हणाला, "रंग मी ठरवणार. तू गप बस." वासाचा त्रास नको म्हणून बाईसाहेबांना लेक आठवडाभर आपल्याकडे घेऊन गेली आणि रंगाऱ्याने आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम केलं. दारं खरवडली, भेगा लांबीच्या लगद्याने बुजवल्या, घासली, वर मलईसारखा पांढरा, दोन हात. आणि तिसरा हात, जो कुणी पैसे दिले तरी देत नाही. पाहणारा दारावर बोट ओढायचा आणि रंग ओला तर नाही ना म्हणून बोटाकडे बघायचा.

मागच्या दाराशी आला तेव्हा दलाल म्हणाला, "ते राहू द्या काका, मागून कोण येतंय बघायला?" डबाही संपत आला होता. राहिलं.

आणखी एक गोष्ट दलालाने पढवली. "आजारी माणसाचं घर म्हटलं की लोक दहा शंका काढतात. कागद होईपर्यंत काकू लेकीकडेच आहेत असं सांगायचं. विशेषतः त्या न्हाव्याला." बघा, माझी कीर्ती!

पुढचं मला रंगाऱ्यानेच नंतर सांगितलं, म्हणून नीट सांगू शकतो.

गल्ली जागी व्हायच्या आत लेकीने गाडी दाराशी लावली. बाईसाहेब उतरल्या, पांढऱ्या दाराशी थांबल्या. रंगारी आतून हसत आला. त्याला वाटलं होतं, आता ती म्हणेल, उरलेला रंग संपला वाटतं! ती म्हणाली, "नमस्कार. आत येऊ का?"

आत येऊन ती सोफ्याच्या अगदी कडेला बसली. गुडघे जुळवून, पिशवी मांडीवर. इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाली, "छान आहे हो घर तुमचं. रंग कुणी लावला?"

"मीच."

"हात चांगला आहे. आमच्याकडेही एक रंगारी आहे," ती पुढे झुकून, गुपित सांगावं तसं म्हणाली, "पण तो उरलेले रंग लावतो."

हे सांगताना रंगारी माझ्या खुर्चीत बसून हसला. मी आरशात बघायचं टाळलं.

थोड्या वेळाने ती चुळबुळायला लागली. रंगाऱ्याने ओळखलं. "बाईसाहेब, निळं," तो म्हणाला. तिने चारी बाजूंना बघितलं. पांढरं, पांढरं, पांढरं. ती उठली, दोन पावलं गेली आणि परत येऊन बसली. परक्याच्या घरी विचारायचं कसं? लाजली बिचारी. मग त्याने हाताला धरून नेलं, पण तेव्हा उशीर झाला होता आणि ती सारखी म्हणत राहिली, "माफ करा हं, तुमची फरशी खराब झाली. मी पुसते."

त्याने दुसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या कडीला निळा टॉवेल बांधला. तिने तो सोडला, घडी घातली आणि त्याच्या हातात दिला. "तुमचा टॉवेल पडला होता."

त्याने लेकीला फोन केला. "एक दार निळं करतो. एकच."

लेक म्हणाली, "बाबा, परवा माणसं बघायला येतायत. थोडे दिवस कळ काढा. इथे आलात की सगळी दारं तुम्हाला हवी तशी करा." तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आई-बापाला एका हाकेवर आणायचं तर हे घर जायलाच हवं होतं, आणि पांढरं होतं म्हणूनच ते जात होतं.

ती माणसं आली. नवीन लग्न झालेलं जोडपं. बाईसाहेबांना बाहेर न्यायला वेळच मिळाला नाही. त्या सोफ्यावर पिशवी घेऊन बसलेल्या. दलालाचं डोकं भारी चालतं. म्हणाला, "या बाईही घर बघायला आल्यात. सकाळपासून बसल्यात, उठतच नाहीत."

नवी नवरी घाबरली, घर हातचं जातंय की काय. बाईसाहेबांना म्हणाली, "तुम्हाला आवडलं का?"

"आवडलं की. पण मी नाही घेणार."

"का हो?"

"मला घर आहे," बाईसाहेब म्हणाल्या. "तिकडेच जायचंय. हे गृहस्थ सोडत नाहीत."

सगळे हसले. रंगारीही हसला. जोडप्याने त्याच दिवशी होकार कळवला.

कागदपत्रांना दोन महिने लागणार होते. संध्याकाळ झाली की बाईसाहेबांची घालमेल सुरू व्हायची. "कपडे वाळत घातलेत, लेक शाळेतून येईल, निघते मी." रंगाऱ्याने कडी लावून बघितली. ती दाराशी उभी राहून रडली, तेव्हा त्याने काढली. ती निघाली तशी तोही चपला घालून मागे निघाला. घर विकणाऱ्याने आपल्याच घरातून पाहुणीला पोचवायला निघावं तसा. गल्लीला वळसा घालून दोघं मागच्या बोळात आली आणि तिथे ती थबकली.

"आलं बाई," ती म्हणाली. "आलं घर."

हिरवं दार.

आत कोठी. कोठीत दलालाने लपवलेलं सगळं सामान: मोडकी आरामखुर्ची, शिलाई मशीन, पलंग उभा करून ठेवलेला, उतरवलेले फोटो. ती आत शिरली, मशीनवरची धूळ हाताने पुसली आणि त्याच्याकडे वळून म्हणाली, "अहो, किती उशीर! कुठे होतात दिवसभर?"

दिवसभरात पहिल्यांदा 'अहो'.

त्याने पलंग आडवा केला. त्या दिवसापासून दोघं कोठीतच झोपायची. सकाळी ती उठून आतल्या दाराने पांढऱ्या घरात जायची आणि पुन्हा पाहुणी व्हायची. रंगाऱ्याला 'पेंटर' म्हणून त्याच्याशी गप्पा मारायची, त्याच्या हातचा चहा प्यायची, संकोचायची. संध्याकाळी तो तिला नीट निरोप द्यायचा. "या हं पुन्हा." आणि मग डोक्याला रुमाल बांधून, बाहेर जायचे चांगले कपडे घालून निघालेल्या तिच्या मागे तो निघायचा. वळसा. हिरवं दार. "आलं बाई." रोज.

आणि रोज मी खिडकीत. मला काय दिसायचं? दिवेलागणीचा अंधूक उजेड, नटलेली एक पाठमोरी बाई, तिचा हात धरलेला रंगारी आणि दोघं हसतायत. चाळीस वर्षांचा संसार असा हात धरून हसत घरी येतो का? बायको तर लेकीकडे, दलालानेच सांगितलेलं. मी गल्लीतल्या शाळामास्तरांची दाढी करताना एवढंच म्हणालो, "रंगाऱ्याने घर नव्याने सजवलं ते उगीच नाही." बस. मास्तरांनी ते घरी नेलं, तिथे त्याला तिखटमीठ लागलं, आणि आठ दिवसांत बाईचं वय पस्तिशीवर आलं. शेजारच्या काकू, ज्या रंगाऱ्याला अधूनमधून डबा द्यायच्या, त्यांनी डबा बंद केला. तो दुकानात आला की गप्पा तुटायच्या.

एकदा मास्तरांनी त्याला टोचलंच. "काय म्हणते पाहुणी?"

रंगारी मान वर करून हसला. "मजेत आहे. फार देखणी आहे हो."

"लाज वाटत नाही?"

"वाटते की. तिला फार वाटते."

दुकान हसलं. मी सगळ्यात जास्त.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी नेहमीसारखा खिडकीशी वस्तरा घेऊन उभा. ती दोघं बोळात शिरली. हिरव्या दाराजवळ पोचल्यावर बाई अचानक वळली, थेट माझ्या खिडकीपाशी आली, मान तिरकी केली आणि म्हणाली, "काय खिडकी, आज काय दिसलं?"

माझ्या हातून वस्तरा पडला. तिने नवऱ्याला दिवसभर ओळखलं नव्हतं आणि मला ओळखलं. बोळ तोच होता ना. खिडकीला कुणी रंग दिला नव्हता.

"मिशा पांढऱ्या झाल्या की तुमच्या," ती म्हणाली आणि हसत दारात शिरली.

दुसऱ्या दिवशी रंगारी दाढीला आला, दुपारी, दुकान रिकामं असताना. मी साबण लावत होतो आणि तो बोलत होता. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "महिनाभर पोटात ठेव. कागद व्हायचेत. जमेल तुला?"

"लोक तुला काय काय म्हणतायत, माहिताय ना?"

"म्हणू दे. तिला कुणी वेडी तर म्हणत नाही."

मी ठेवलं पोटात. लोक दुकानात बसून त्या पस्तिशीच्या बाईचं वर्णन करत आणि मी कात्री चालवत राहायचो. माझ्या जिभेला पहिल्यांदाच हाड फुटलं होतं.

घर सोडायच्या दिवशी रंगाऱ्याने नव्या मालकांकडे एकच मागणं केलं. मागचं दार हवं. त्यांना काय, ते बदलणारच होते. मीच बिजागऱ्या सोडवायला गेलो. दार टेम्पोत पडद्यात गुंडाळून गेलं. नव्या जागेचं मुख्य दार काढून रंगाऱ्याने हे बसवलं, खालून दोन बोटं कापून. मग लेक आईला जिन्याने वर घेऊन आली.

बाईसाहेब दारापुढे थांबल्या. हात लावला. कडीवर, मग खालच्या कापलेल्या कडेवर.

"दार आमचं आहे," त्या म्हणाल्या. "इथे कुणी आणून लावलं?"

आणि आत गेल्या नाहीत. त्या दिवशी दोघं संध्याकाळपर्यंत जिन्यात बसली. पुढेही रोज संध्याकाळी तिला निघायचं असायचं आणि रंगारी तिला घेऊन निघायचा, इमारतीला वळसा घालायचा, पण आता वळशाच्या शेवटी काही नव्हतं. आतली दारं त्याने कबूल केल्याप्रमाणे रंगवली, निळं, लाल, पिवळं. ती कौतुकाने म्हणायची, "अगदी आमच्यासारखी केलीत." पाच महिन्यांनी ती गेली. लालमध्ये. शेवटपर्यंत त्याला 'पेंटर'च म्हणत होती.

रंगारी अजून महिन्यातून एकदा लांबून माझ्याकडे केस कापायला येतो. मागच्या खिडकीतून बाहेर बघत बसतो. समोरच्या घराला आता लोखंडी दार आहे, राखाडी.

कागद झाल्यावर मी गल्लीत सगळ्यांना खरं सांगितलं. मास्तर म्हणाले, "राहू द्या हो, तुमच्याच तोंडून आधी काय ऐकलं होतं!" पस्तिशीच्या बाईची गोष्ट लोकांना जास्त आवडते. अजून सांगतात. म्हणून लिहून ठेवतो.

रंगारी मागच्या दाराने आणायचा ती बाई त्याची बायको होती. तिला घरी जायचं होतं. पुढचं दार पांढरं होतं आणि मागचं हिरवं.